पेर्लो विटा आणि आमचं विटं

एखाद्या फ्रेंच चित्रपटाच्या नामावलीत आपल्या मुलखातल्या गावाचे नाव वाचायला मिळेल असे मला कुणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यातच काढले असते. पण १९५५ सालच्या 'रिफिफी' या चित्रपटात ते आहे. चोरांच्या टोळीतला एक इटालियन, सेझार नावाचा, तिजोरी उघडण्यात मोठा वाकबगार; त्याचे काम करणाऱ्या नटाचे नाव पडद्यावर येते ते 'पेर्लो विटा' असे. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक या नावावरून नजर पुढे नेईल. पण सातारकराला आणि सांगलीकराला तसे करता येणे कठीण. विटा म्हणजे खानापूर तालुक्याचे ठिकाण. सरकारी पाटीवर विटा, लोकांच्या तोंडी विटं.

खरी गंमत पुढे आहे. पेर्लो विटा नावाचा नट मुळात अस्तित्वातच नव्हता. चित्रपटाचा दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन यानेच ते सोंग घेतले होते. ठरलेला इटालियन नट ऐनवेळी मिळाला नाही, पैसे बेताचे, तेव्हा दिग्दर्शकाने स्वतः तोंडाला रंग लावला आणि नावाच्या जागी हे टोपणनाव ठोकून दिले. त्याचा आणि खानापूर तालुक्याचा संबंध काडीमात्र नाही, हे मलाही कळते. परंतु जवाहिऱ्याचे दुकान फोडणाऱ्या चोराने घेऊन घेऊन नाव घ्यावे ते विट्याचे, याला काय म्हणावे? कारण विटे आणि त्याच्या भोवतालची गावे ही साऱ्या हिंदुस्थानचे जुने सोने आटवणाऱ्यांची गावे आहेत! तेव्हा या खेपेस साताऱ्याहून सांगलीला जाताना कराड-पेठ नाक्याचा सरळ महामार्ग सोडून विट्यावरून जायचे, असे मी ठरवून टाकले.

आधी चित्रपटाची गोष्ट सांगतो. शेवट राखून ठेवण्याचा शिष्टाचार असतो खरा, पण सत्तर वर्षांच्या चित्रपटाला तो लागू नसावा.

टोनी नावाचा एक खंगलेला, खोकणारा चोर पाच वर्षांची सजा भोगून सुटतो. त्याचे तरुण मित्र एका जवाहिऱ्याच्या दुकानाची काच फोडून हाताला लागेल ते पळवायचा बेत करीत असतात. दुकान पॅरिसच्या र्यू द ला पे या श्रीमंती रस्त्यावरचे, 'मॅपिन अँड वेब' यांचे. टोनी म्हणतो, काच कशाला, तिजोरीच घेऊ. मग तयारी सुरू होते. दुकानात आहे तसलीच धोक्याची घंटा मिळवून तिचा अभ्यास होतो. एका रात्री चौघे वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात शिरतात, तिथल्या माणसांना बांधून घालतात आणि जमीन पोखरू लागतात. भोक पडले रे पडले की त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खाली गेल्यावर ती उघडतात. पुढे जो चुना-विटांचा चुरा पडतो तो त्या उलट्या छत्रीत अलगद साचतो. जमिनीवर एक खडा वाजत नाही. घंटेच्या तोंडात आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस भरतात. ती बिचारी मुकी होते. मग तिजोरीला मागून भोक. हा सारा प्रकार जवळजवळ अर्धा तास चालतो आणि त्या अर्ध्या तासात पडद्यावर एक शब्द नाही, संगीताचा एक सूर नाही. संगीतकार झॉर्ज ऑरिक याने या प्रसंगासाठी संगीत रचले होते. ते लावून आणि न लावून असा दोन्ही तऱ्हांनी प्रसंग त्याला दाखवला, तेव्हा ते काढून टाका असे त्यानेच सांगितले. आपल्या पदरचे काम असे पुसू देणारे कलावंत फार थोडे.

चोरी बिनबोभाट पार पडते. बिनसते ते नंतर, आणि तेही एका अंगठीपायी. सेझारला एका हॉटेलातल्या गाणारणीचा मोह पडलेला. सारा माल विकला जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही हा करार. तरी हा गृहस्थ एक अंगठी हळूच खिशात घालतो आणि तिला देऊन येतो. हॉटेलचा मालक गुंड. त्याच्या नजरेला अंगठी पडते आणि तो काय ते ओळखतो. पुढे माणसामागून माणूस मरते. एकाचे लहान मूल पळवले जाते. ते सोडवून आणता आणता टोनीही गोळी खाऊन मोटारीच्या चाकावर मरतो. मूल घरी पोचते. पैशांची पेटी मोटारीत तशीच पडून राहते.

तोंड उघडल्याबद्दल सेझारलाही टोनीच्याच हातून गोळी खावी लागते. हा प्रसंग डॅसिनने स्वतःवर ओढवून घेतला यालाही अर्थ आहे. तो मूळचा अमेरिकन. साम्यवादी म्हणून हॉलिवूडने त्याला वाळीत टाकले होते आणि चौकशीत त्याचे नाव घेणारे त्याच्याच धंद्यातले लोक होते. पोट भरायला तो फ्रान्सला आला, आणि त्याच्या या चित्रपटाला १९५५ साली कान येथे दिग्दर्शनाचे बक्षीस मिळाले. फितुराचे सोंग त्याने स्वतः घेतले आणि शिक्षाही स्वतःच भोगली.

ही गोष्ट डोक्यात घेऊन मी साताऱ्याच्या स्टँडवर रहिमतपूर-औंधकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. कृष्णाकाठचा ऊस हळूहळू मागे पडतो, झाडे बुटकी होत जातात आणि बोडके माळ सुरू होतात. औंधला यमाईच्या डोंगरावर जाऊन आलो, भवानी संग्रहालयातली चित्रे पुन्हा एकदा पाहिली. सूर्यनमस्कारांचा आणि चित्रांचा सारखाच षोक असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे हे संस्थान. चोरांच्याच गोष्टी चालल्या आहेत म्हणून सांगतो: याच राजाने १९३९ साली आपल्या संस्थानातल्या आटपाडीजवळ भिंती नसलेला तुरुंग काढला. त्याचे नाव स्वतंत्रपूर. कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर होता. ज्यांच्यावर खुनाचे शिक्के बसले होते असे कैदी तिथे शेती करीत, आणि पळून जायला आडकाठी नसताना राहत. ती वसाहत आजही आहे. त्याच आटपाडीच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्याला पुढच्याच वर्षी बर्लिनला बक्षीस मिळाले. पॅरिसचे चार चोर आणि आटपाडीचे सहा कैदी दोन वर्षांच्या अंतराने पडद्यावर आले. तिकडे एका अंगठीचा विश्वास कुणाला पाळता आला नाही. इकडे कुंपणावाचून सहा माणसे जागच्या जागी राहतात. फ्रेंच चित्रपट कारागिरीत सरस आहे, यात मला शंका नाही. पण दोन्ही पाहून झाल्यावर मनात घर करून राहतो तो आपला.

वडूजला गाडी बदलली. शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. पांढरे धोतर, डोक्याला टोपी, आणि हातात मात्र मल्याळी अक्षरे छापलेली कापडाची पिशवी. मी पिशवीकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले.

"त्रिशूरची हाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं काढली तितं. आता पोरं बघत्यात दुकान. तुमी कुठलं पाव्हणं?"

मी सांगितले. कशासाठी निघालो तेही सांगितले, आणि प्रवास लांबचा, म्हणून चित्रपटाची गोष्टही सांगितली. आबा (मी त्यांना आबाच म्हणू लागलो होतो) डोळे मिटून ऐकत होते. छत्रीपाशी आल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"छत्री उलटी धरली, म्हंजी झाडण वाया जाऊ नये म्हणूनच न्हवं?"

आवाज होऊ नये म्हणून, असे मी म्हणालो. आबांना ते फारसे पटले नाही. सोन्याच्या दुकानातला चुरा माणूस गोळा करतो तो आवाजासाठी, ही गोष्ट त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हती. सोनाराच्या दुकानातली केरधूळ विकत घेऊन, ती धुऊन, तिच्यातले कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथे धूळ म्हणजे धूळ नव्हेच. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "माल आटवला कुणी?"

कुणीच नाही, मी म्हटले. हिरे-माणके होती, ती लंडनच्या एका बड्या व्यापाऱ्याला विकली.

"आन् अंगठी तशीच दिली बाईला?"

"तशीच."

"मग मरत्यालच की!" आबा म्हणाले. "दागिना म्हंजी माणसाचं तोंड. बघितलं की वळख पटती. आटवलं की संपलं. मग त्यो कुणाचाबी न्हाई आन् कुणाचाबी हाय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितले, पण त्यांच्या साऱ्या धंद्याचे सुख आणि दुःख या दोन वाक्यांत आले. ते कसे, ते सांगितले पाहिजे.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, तासगाव हे सांगलीचे तालुके आणि खटाव, माण हे साताऱ्याचे. यांच्यावर पाऊस पिढ्यान्‌पिढ्या रुसलेला. शेत पिकेना, म्हणून पोरे गाव सोडून निघाली. मुंबईच्या गिरणीत गेली ती गेलीच. पण कित्येकांनी गलाईची, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याची विद्या धरली. एकाने जायचे, बस्तान बसवायचे, मग भावाला, मेहुण्याला, गावच्या पोराला बोलावून घ्यायचे. असे करीत केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल, पंजाब, दिल्ली, पार नेपाळपर्यंत हे लोक जाऊन बसले. सराफबाजार कुठल्याही शहरातला असो, त्याच्या एखाद्या बोळात भट्टीची धग आणि सातारी मराठी एकदमच भेटायची.

काम दिसायला सोपे. जुना दागिना येतो. त्याचा टंच काढायचा, म्हणजे त्यात चोख सोने किती ते ठरवायचे. मग मुशीत घालून वर टाकणखार टाकायचा आणि आटवून लगड ओतायची. चोखच करायचे असेल तर त्यात आधी सुमारे तिप्पट चांदी मिसळतात. वाचकांना हे उफराटे वाटेल. शुद्ध करायचे आणि भेसळ वाढवायची! पण त्यातच खुबी आहे. ती पातळ करून शोऱ्याच्या तेजाबात टाकली की चांदी-तांबे विरघळून जाते आणि भांड्याच्या तळाशी जे उरते ते सोने. ते पिवळे नसते. ओल्या विटेच्या भुकटीसारखा तांबूस गाळ असतो तो. नवख्याच्या हाती दिला तर तो फेकून देईल. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातला की मगच त्याला झळाळी येते. तेजाबात विरघळलेली चांदीही सोडून देत नाहीत. त्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की ती परत येऊन बसते.

हे होताना भांड्यातून नारिंगी धूर उठतो. तो छातीला फार वाईट. आबा बोलता बोलता मध्येच थांबून खोकत होते. ते काय म्हणून, असे मी विचारले नाही.

सुखाची बाजू ही, की अनोळखी मुलखातला अनोळखी माणूस आपल्या बायकोचे गंठण या परदेशी माणसाच्या मुशीत टाकतो. त्याची भाषा वेगळी, देव वेगळा. मुशीत रस झाला की त्यातले गुंजभर कमी झाले काय आणि नाही काय, कळायला मार्ग नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक सोने आणून देत राहिले याचा अर्थ मी काय सांगू? गुंजभर सोने कमी करून एकदाच पोट भरते, एवढे तर हिशेबी माणसाला कळतेच. पण आबा म्हणाले ते निराळे होते. "तितं आमच्या गावाचं नाव कुणाला ठावं न्हाई. आमाला समदी 'सातारचा' म्हणत्यात. एकानं खाल्लं तर समद्यास्नी उठावं लागंल."

आता दुःखाची बाजू. आटवलेल्या सोन्याला तोंड उरत नाही हे जसे गलाईवाल्याला ठाऊक, तसे चोरालाही ठाऊक. चोर दागिना घेऊन येतो, घरची अडचण सांगतो, विकून जातो. सहा महिन्यांनी कुठल्या तरी दूरच्या गावी तो पकडला जातो आणि म्हणतो, माल अमक्याला दिला. मग पोलिसांची गाडी दारात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा. दंडविधानातले त्याचे जुने कलम ४११ गलाईवाल्यांच्या घरात पोराटोरांनाही पाठ होते. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली आणि ते कलम ३१७ झाले. आकडा बदलला, धास्ती तीच. जाणूनबुजून घेतला की अजाणता, हे ठरेपर्यंत सोने भरून द्या, नाही तर चला. आबांनी स्वतः एकदा नऊ तोळे असे भरून दिले होते. गावाचे नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. "आमी घेतलं त्ये चार तोळं हुतं," एवढेच म्हणाले. त्यांच्या पोरांना हा धंदा पुढे करायचा नाही.

मला राहून राहून वाटते, 'रिफिफी'तल्या त्या लंडनच्या बड्या व्यापाऱ्याला कुणी हात लावीत नाही. तो पैसे मोजतो आणि गोष्टीतून निघून जातो. आटवणारा मात्र आपल्या दुकानात बसलेला असतो, दारावर पाटी लावून.

मायणीचा तलाव मागे टाकून गाडी विट्यात शिरली. गावाची कल्पना घरांवरून येते. माळावर अचानक तीन मजली बंगले उभे. संगमरवरी पायऱ्या, नक्षीचे दरवाजे आणि कित्येकांना कुलपे. मालक कुठे कोइमतूरला, कुठे अमृतसरला. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत लागते, तेव्हा ही कुलपे निघतात. रस्त्यावर केरळचे, तामिळनाडूचे नंबर असलेल्या मोटारी दिसतात, आणि चौकात दोन पोरे आपसांत तमिळमध्ये भांडताना ऐकू येतात. अलीकडे टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी या माळावर आले. द्राक्षे, डाळिंबे, ऊस दिसू लागला. ज्या पाण्यासाठी आजा गाव सोडून गेला ते नातू परदेशी असताना आले, आणि आता रानात राबायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार चहाच्या दुकानात ऐकली.

एक जुने दुःख मात्र तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले. १४ कॅरटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, परकीय चलनाची ओढाताण, कारण खोटे नव्हते. पण सोनारांच्या शेगड्या देशभर विझल्या, आणि ज्यांचे पोट त्या शेगड्यांच्या राखेवर होते त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. नियम पुढे सैल झाले, १९६८ साली कायदा झाला आणि १९९० साली तो गेला. सत्तावीस वर्षे एका पिवळ्या धातूने सरकारला झोप लागू दिली नाही. कारागिरांना तर नाहीच नाही.

आबा विट्याला उतरले. मी पुढची गाडी धरली ती कुंडलची.

कुंडल म्हणजे कानातला दागिना; गाव मात्र साधे, उसाचे. जवळच किर्लोस्करवाडी आहे. दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांत त्या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातूनच 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी हा सारा एकच मुलूख होता, आणि त्या मुलखातल्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे ठाणे. पॅरिसच्या चोरांची बढाई ज्यांना वाटत असेल त्यांनी इथल्या हकिकती ऐकाव्यात. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी तिकडे खानदेशात, चिमठाण्याजवळ, धुळ्याचा सरकारी खजिना घेऊन निघालेली मोटार. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये, त्या काळचे! जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली नावे. शेणोलीच्या गाडीवर जे होते त्या कॅप्टन भाऊंना कुणी लूट असा शब्द वापरला तर तो चालत नसे. लोकांचाच पैसा लोकांना परत आणला, असे ते शेवटपर्यंत म्हणत. त्या शब्दावर वाद घालण्याचा अधिकार मला नाही. मला नवल वाटते ते सेझारच्या अंगठीचे. साडेपाच लाख रोख, आणि ज्यांच्या हातातून ते गेले त्यांच्यात घरी चटणी-भाकरी खाणारेच अधिक. त्या नोटांतून बायकोला एक लुगडे घ्यावे असे कुणाच्या मनात आलेच नसेल, असे मी म्हणणार नाही. ती माणसे होती. पण पैसा गेला तो चळवळीकडे.

आणि मग सांगली. ४ जून २०२३ रोजी, रविवारी भर दुपारी, सांगली-मिरज रस्त्यावरच्या 'रिलायन्स ज्वेल्स' या दुकानावर दरोडा पडला. आम्ही पोलीस आहोत, चौकशी करायची आहे, असे सांगत टोळी आत शिरली. मग पिस्तुले निघाली, नोकरांना बांधले, गोळी झाडली. एक गिऱ्हाईक जिवाच्या भीतीने काच फोडून बाहेर पडला. कोट्यवधींचे दागिने घेऊन टोळी मोटारीतून मिरजेच्या पलीकडे पसार झाली. तपासाचे धागे पुढे पार बिहारपर्यंत गेले. दुकानाच्या समोरून आमची गाडी गेली तेव्हा एका उताऱ्याने ते दुसऱ्याला बोटाने दाखवले. चित्रपटातल्या चोरीला अर्धा तास लागतो आणि प्रेक्षक श्वास रोखून धरतो. इथे श्वास रोखला होता तो महिना पगारावर उभ्या असलेल्या पोरा-पोरींनी, तोंडाला चिकटपट्टी आणि समोर पिस्तूल. चोराच्या खांद्यावरून पाहिले की चोरी ही कला वाटते. नोकराच्या जागी उभे राहून तोच अर्धा तास कुणी काढला तर तो चित्रपट कुणी पाहील का, याची मला शंका आहे.

सांगलीचे आणि सोन्याचे नाते जुने. गाडगीळांची पेढी इथे १८३२ साली सुरू झाली. कृष्णाकाठचे गणपतीचे देऊळ पुरे झाले १८४४ साली. म्हणजे देवाच्या आधी सराफ, असे म्हणणारे विनोदी लोकही गावात आहेत. सराफ कट्ट्यावर संध्याकाळी चांगली वर्दळ होती. हॉलमार्क २०२१ पासून सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक आला. आता प्रत्येक दागिन्याला नाव आहे. मुशीत घातला की ते पुसले जाते, ती गोष्ट निराळी.

कट्ट्याच्या मागच्या बोळात आबांच्या नात्यातल्या एकाचे दुकान होते. त्यांनीच पत्ता दिला होता. दहा फूट खोली, काचेच्या पेटीत तराजू, टंच सांगणारे क्ष-किरणांचे यंत्र, आणि मागे भट्टी. एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. साठीच्या आसपास, नऊवारी लुगडे. रुमालात सासूच्या पाटल्या. नातीच्या लग्नासाठी त्या मोडायच्या होत्या. दुकानदाराने त्यांना स्टूल दिले आणि वजन दोनदा करून दाखवले.

"काकू, आत बसा, धग लागंल."

"न्हाई, मी हितंच बसणार. मला दिसलं पायजे."

पाटल्या मुशीत गेल्या. पहिल्यांदा त्यांची कड वाकली, मग नक्षी बुडाली, मग एकदम सगळे सपाट होऊन थरथरू लागले. बाईंनी पापणी लवू दिली नाही. मुलगा मोबाइलमध्ये पाहत होता. लगड ओतली, पाण्यात चुरचुरली, काट्यावर ठेवली. घट आली. दुकानदाराने आकडा दाखवला. डाख आणि मळ जळतो, असे त्याने समजावून सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि मुशीकडे बोट केले.

"त्यात काय हाय?"

दुकानदार हसला नाही की रागावलाही नाही. रिकामी मूस त्याने फरशीवर कागद पसरून त्यावर फोडली. काचेसारखा झालेला टाकणखार खलबत्त्यात घातला आणि कुटू लागला. मग थाळीत पाणी घेऊन भुकटी हलके हलके हिंदकळवली, गढूळ पाणी ओतून दिले, पुन्हा घेतले, पुन्हा ओतले. शेवटी थाळीच्या कडेला मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे तीन कण राहिले. त्याने ते चिमट्याने उचलून काट्यावर ठेवले. काट्याचा आकडा हलला न हलला.

त्याने ते कागदाच्या पुडीत बांधून लगडीशेजारी ठेवले. बाईंनी आधी पुडी घेतली, चोळीच्या खिशात कुंकवाच्या डबीबरोबर नीट सारली, आणि मग लगडीला हात लावला.